प्रस्तावना: खबर देणाऱ्याचं देणं

बीड जिल्ह्यातल्या मामला गावात १९९४ च्या ऑगस्टमध्ये आधी उंदीर पडले. मग पिसवांनी उच्छाद मांडला आणि त्यानंतर माणसांच्या जांघेत, काखेत गाठी दिसू लागल्या. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला होता. त्यानंतरच्या उलथापालथीत उंदीर माजले असावेत, असा तर्क तपास करणाऱ्यांनी मांडला. प्लेगच्या दिवसांच्या आठवणी ज्या घरांत सांगितल्या जात होत्या तिथे उंदीर पडण्याचा अर्थ कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. उंदीर पडले की घर सोडायचं आणि रानात झोपडी घालायची, हे शहाणपण आपल्या खेड्यांनी फार मोठी किंमत मोजून मिळवलं होतं. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. काही दिवसांत लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाली, अनेक देशांनी भारताची विमानं अडवली, निर्यातीचा माल बंदरांत पडून राहिला. मृत्यू शंभरीच्या आत राहिले. भीती मात्र साऱ्या जगभर गेली.

त्या दोन महिन्यांनी सरकारला एक गोष्ट कळून चुकली. मेलेल्या उंदराची माहिती गावात होती, ती दिल्लीपर्यंत वेळेत नेणारा पक्का रस्ता देशात नव्हता. १९९७ मध्ये काही जिल्ह्यांपुरता राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आला. हे पुस्तक त्या रस्त्याविषयी आहे. तो बांधणाऱ्या, राखणाऱ्या आणि त्यावरून धावपळ करणाऱ्या माणसांचं शिक्षण कसं व्हावं, हा त्याचा विषय. वैद्यकाची, पशुवैद्यकाची, परिचर्येची, सूक्ष्मजीवशास्त्राची किंवा संख्याशास्त्राची पहिली पदवी घेऊन जे साथरोगांचं सर्वेक्षण आणि नियंत्रण या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळू पाहतात, त्यांच्यासाठी ते मराठीत लिहिलं गेलं, याचा मला मनापासून आनंद आहे. या विषयाची निम्मी कामं मराठीतच होतात: ओट्यावर, विहिरीच्या काठावर, ग्रामपंचायतीच्या खोलीत.

रोगसर्वेक्षणाला आजचा अर्थ दिला तो अलेक्झांडर लँगम्यूर या अमेरिकन साथरोगतज्ज्ञाने. त्याच्या आधी 'पाळत' म्हणजे रोग्याच्या संपर्कात आलेल्या माणसावर नजर ठेवणं. लँगम्यूरने नजर माणसावरून रोगावर वळवली. रोग कुठे आहे, किती आहे, वाढतो की ओसरतो, याची माहिती सतत आणि ठरलेल्या पद्धतीने गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा आणि ज्यांना ती कळायला हवी अशा सगळ्यांपर्यंत ती पोचवायची. १९५१ मध्ये कोरियन युद्धाच्या काळात, जैविक हल्ल्याच्या भीतीचा आधार घेऊन त्याने अमेरिकेत एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस उभी केली. तरुण डॉक्टरांना दोन वर्षं साथींच्या मागे धाडायचं आणि साथीकडूनच शिकू द्यायचं, अशी तिची रीत. त्या सेवेच्या बोधचिन्हात बुटाचा तळवा आहे आणि त्याला चालून चालून भोक पडलेलं आहे.

लँगम्यूरच्या व्याख्येतला शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच सर्वांत आधी गळून पडतो. कुणीतरी काही पाहतं आणि कळवतं. कळवलेल्याचा कुणीतरी अर्थ लावतं. तो अर्थ कळवणाऱ्याकडे परत जातो आणि त्याच्या हातून काहीतरी वेगळं घडतं. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी आपल्याकडे नमुने, पोर्टल, प्रशिक्षणं सगळं आहे. तिसरी पायरी सवडीवर ढकलली जाते. माझं म्हणणं असं, की तिसरी पायरी मोडली की पहिली आपसूक मोडते. खबर देऊन हाती काहीच पडत नाही, किंवा पडतो तो मनस्तापच, हे ज्याला दोनदा कळलं तो तिसऱ्यांदा खबर देत नाही. या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याने संख्याशास्त्र शिकावंच. पण खबर देणाऱ्याचं आपण देणं लागतो, हे त्याच्या अंगवळणी पडलं नाही तर त्या संख्याशास्त्राला खायला आकडे मिळणार नाहीत.

याचा सर्वांत कडवट पुरावा आपल्याच इतिहासात आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यांनी तो उघडपणे सांगितला, तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. पुढे हाफकिनने मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. मुंबईहून रोग पुण्यात शिरला आणि प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत घुसले. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, काही सुटलं नाही. रोगी सापडला की त्याला इस्पितळात, घरच्यांना छावणीत आणि सामानाला आग. याचा परिणाम एकच होऊ शकत होता. लोक रोगी लपवू लागले. गाठ आली तरी बोलेनात, मृत्यू झाला तरी कळवेनात. ज्या शहराला साथीची माहिती सर्वांत जास्त हवी होती त्या शहराने तोंड मिटून घेतलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ते प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. साथरोगाच्या विद्यार्थ्याने त्या घटनेकडे आणखी एका बाजूने पाहावं: सर्वेक्षणाचा यापेक्षा मोठा पराभव शोधून सापडायचा नाही.

त्यात आणखी दुःखाची बाब अशी, की ज्या उपायांसाठी घरांची अब्रू उघड्यावर मांडली ते उपाय बहुतांशी चुकीच्या जागी पडत होते. उंदरावरची पिसू रोग वाहते, ही कल्पना सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडली आणि तिचा पक्का पुरावा १९०५ पासूनच्या प्लेग संशोधन आयोगाने परळमध्ये जमवला. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडायचे, त्यांच्या अंगावर किती पिसवा चढतात ते मोजायचं आणि ते मरतात का ते पाहायचं. इतकी साधी आणि इतकी अचूक पद्धत. पुण्यातल्या त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. रोग्यांना उचलून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली. एकाच शहरात, एकाच महिन्यात, साथीशी लढण्याच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी चालू होत्या. दवाखान्याकडे लोक आपण होऊन रोगी आणत होते आणि शिपायापासून लपवत होते. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात हाच पाठ देतो आणि रोगाचा जंतू नंतर शिकवतो.

आता शिक्षणाविषयी. भारतात या अभ्यासाच्या वाटा आज बऱ्याच आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांत कम्युनिटी मेडिसिनची एमडी आहे, विद्यापीठांत एमपीएच आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१ मध्ये उपयोजित साथरोगशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. तिथे येणारे बहुतेक जण नोकरीत असलेले डॉक्टर. काही आठवडे वर्गात बसायचं आणि मग आपल्या जिल्ह्यात परत जाऊन शिकलेलं करून दाखवायचं, ही त्याची खुबी. २०१२ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिसचा भारतीय अवतार आला. पदवीचं नाव काहीही असो, विद्यार्थ्याने एकच चौकशी करावी: इथे मला किती साथींच्या तपासात स्वतः उतरायला मिळेल, आणि माझं लिखाण ओळ न् ओळ तपासणारं कुणी आहे का? ज्या अभ्यासक्रमाचं उत्तर गुळमुळीत येईल तो सोडावा. संगणकाच्या पडद्यावर साथीचे आलेख काढून साथरोगतज्ज्ञ होता येत नाही.

तपासात उतरणं म्हणजे काय, ते जवळून पाहू. गावात कावीळ पसरली आहे. आशाताईंनी एएनएमला सांगितलं, एएनएमने प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला कळलं आणि शीघ्र प्रतिसाद पथकाबरोबर विद्यार्थी गावात उतरला. त्याच्या हातात पहिल्यांदा हवी ती लाइन लिस्ट. एका रोग्याला एक ओळ. नाव, वय, बाई की पुरुष, वस्ती, पहिलं लक्षण कोणत्या तारखेला, डोळे पिवळे कधी झाले, गरोदर आहे का, पिण्याचं पाणी कुठलं. हा कागद दिसायला दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखा असतो, पण तो धड भरणं हीच मोठी विद्या आहे. 'मागच्या आठवड्यात कधीतरी' असं उत्तर आलं तर विद्यार्थ्याने बाजाराचा दिवस, एकादशी, मुलाच्या शाळेची सहल असं काहीतरी धरून तारखेपर्यंत पोचायचं असतं. काविळीआधी ताप, मळमळ, जेवणावरची वासना उडणं सुरू झालेलं असतं. लक्षणांची तारीख ती, डोळे पिवळे झाल्याची नव्हे.

मग त्या तारखा आलेखावर मांडायच्या. आपल्याकडे गावभर पसरणारी कावीळ बहुधा हेपटायटिस ई या विषाणूची असते. तो पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. म्हणून ज्याने गावकऱ्यांना 'चार दिवसांपूर्वी पाणी कसं होतं' असं विचारलं त्याने कॉलऱ्याचा प्रश्न काविळीला विचारला. विचारायला हवं ते महिना-दीड महिन्यापूर्वीचं: तेव्हा पाइप कुठे फुटला होता, गटाराचं काम कुठे चाललं होतं, नळाला गढूळ पाणी आल्याची ओरड कोणत्या आळीत झाली होती. घरांच्या नकाशावर रोगी टिपायचे आणि पाण्याच्या वाहिनीची रेघ त्यावरून न्यायची. पुष्कळदा उत्तर तिथेच, गटार ओलांडणाऱ्या एका जोडापाशी सापडतं. या रोगात गरोदर बायकांना सर्वांत जास्त धोका असतो. तिसऱ्या तिमाहीत त्यांच्यातल्या मृत्यूंचं प्रमाण पाचांत एकापर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. म्हणून लाइन लिस्टमधला 'गरोदर' हा रकाना रिकामा ठेवून चालत नाही. त्या बायकांच्या घरी त्याच दिवशी जायचं असतं.

काविळीचा सर्वांत शिकवणारा तपास दिल्लीचा. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेच्या प्रवाहाने दिशा बदलली आणि वजिराबादच्या पंपांजवळ नाल्याची घाण पाण्यात आली. तिथल्या अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आलं, त्यांनी क्लोरीन वाढवलं. त्यामुळे विषमज्वर, हगवण यांची लाट आली नाही. विषाणू मात्र त्यातून निसटला आणि डिसेंबर-जानेवारीत २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. तपास करणाऱ्यांनी घरोघर जाऊन रोगी मोजले, पाण्याचा दिवस आणि काविळीचा दिवस यांतलं अंतर काढलं, वयाप्रमाणे प्रमाण काढलं. रोगाच्या जंतूचं नावगाव तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीतून तो आधी माहीत असलेल्या विषाणूंपैकी नव्हता हे पुढे अनेक वर्षांनी समजलं. नीट लिहून ठेवलेली माहिती पंचवीस वर्षांनीही उत्तर देते, ती अशी.

दुसरं उदाहरण बिहारमधल्या मुझफ्फरपूरचं. तिथे वर्षानुवर्षं मे-जूनमध्ये लहान मुलं पहाटे आकडी येऊन बेशुद्ध होत आणि पुष्कळ दगावत. पाऊस पडला की साथ थांबे. जपानी मेंदूज्वरापासून उष्माघातापर्यंत नाना शंका घेतल्या गेल्या. २०१३ आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेचं सीडीसी यांच्या पथकाने तपास केला, त्यात एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिसचे विद्यार्थी होते. २०१४ च्या हंगामात दोन रुग्णालयांत ३९० मुलं दाखल झाली आणि १२२ गेली. आजारी १०४ मुलांची तुलना त्याच वयाच्या, दुसऱ्या कारणाने रुग्णालयात आलेल्या १०४ मुलांशी केली. दोन गोष्टी उठून दिसल्या: आदल्या दिवशी लिची खाल्लेली असणं आणि रात्री जेवलेलं नसणं. लिचीत, विशेषतः कच्च्या फळात, साखर तयार करण्याची शरीराची क्रिया अडवणारी द्रव्यं असतात. उपाशी, कुपोषित मुलाची रक्तातली साखर पहाटे एकदम खाली जाते. वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांचे सहकारीही वेगळ्या वाटेने याच निष्कर्षाकडे आले होते.

या तपासाचा निष्कर्ष आईला सांगता येण्याजोगा होता: मुलाला रात्री जेवल्याशिवाय झोपू देऊ नका, लिची कमी खाऊ द्या. डॉक्टरांना सांगायचं ते असं: मूल आलं की आधी साखर मोजा आणि ग्लुकोज द्या. हे घरोघर सांगितलं गेलं तेव्हा रोगी कमी झाले. २०१९ च्या जूनमध्ये पुन्हा शंभराहून अधिक मुलं गेली. ज्ञान लँसेटच्या नियतकालिकात छापलेलं होतं. दर वर्षी मे उजाडण्याआधी ते बागांकाठच्या वस्त्यांत परत पोचवण्याचं काम मात्र ढिलं पडलं होतं. माझ्या मते या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने २०१४ आणि २०१९ ही दोन्ही वर्षं एकत्र शिकावीत, पहिलं एकटं शिकू नये.

ढिलाईची याहून मोठी किंमत मलेरियाने वसूल केली. १९५८ मध्ये सुरू झालेल्या मलेरिया निर्मूलन कार्यक्रमात देशभर पाळत कर्मचारी पंधरवड्याला घरोघर जात, ताप आलेल्याचं बोट टोचून काचपट्टी घेत, भिंतीवर तारीख टाकत. १९६१ पर्यंत रोगी पन्नास हजारांच्या आसपास आले. मग मलेरिया गेलाच, असं सगळ्यांना वाटलं. डासांवर डीडीटी चालेना, पुरवठा तुटला, काचपट्ट्या तपासल्याविना पडून राहू लागल्या. ज्याच्या काचपट्टीचा निकाल महिनोन्‌महिने येत नाही तो कर्मचारी आणि तो रोगी, दोघांचाही त्या टोचण्यावरचा विश्वास उडतो. १९७६ मध्ये रोग्यांचा आकडा ६४ लाखांवर गेला.

पोलिओने याच्या उलट धडा दिला, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वेक्षणाची इतकी देखणी रचना आपल्या देशात दुसरी झालेली नाही. १९९७ पासून नियम असा, की पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की कळवायचं. पोलिओ वाटो न वाटो, कळवायचं. मग चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने. प्रत्येक नमुना मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या पेराएवढा, फिरकीच्या झाकणाच्या डबीत, बर्फ ठेवलेल्या पेटीतून, ७२ तासांत प्रयोगशाळेत. मुंबईत परळची एंटेरोव्हायरस प्रयोगशाळा हे काम करत असे. यातली खरी हुशारी पुढे आहे. पोलिओ नसतानाही दर लाख मुलांमागे दर वर्षी एखाद-दुसऱ्या मुलाला इतर कारणांनी असा लुळेपणा येतोच. म्हणजे ज्या जिल्ह्यातून पोलिओ नसलेले लुळेपणाचे रोगीही कळवले जात नाहीत, त्या जिल्ह्याचे डोळे मिटलेले आहेत हे पोलिओ येण्याआधीच कळतं. शून्य आकडा आला की इथे समाधान मानत नाहीत, त्याची चौकशी करतात. जानेवारी २०११ मध्ये हावड्यात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रोगी सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्या दक्षिण-पूर्व आशिया प्रदेशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. शेवटचा रोगी शेवटचा आहे, हे छातीठोकपणे सांगता आलं ते या हजारो डब्यांमुळे, आणि कळवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला त्याच्या रोग्याचा निकाल परत मिळत होता म्हणून.

माणसांच्या पलीकडेही पाहावं लागतं. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, गोचिडींतून पसरणारा तो विषाणू शोधला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात पोचला. तिथल्या लोकांनी त्याला माकडताप म्हटलं. काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच असतो. वाळक्या पानांत बसून काजू गोळा करणाऱ्यांना, गुरं रानात नेणाऱ्यांना गोचीड चावते. दोडामार्ग-सावंतवाडीच्या बागांत माकड मरून पडलं की ती पहिली खबर. ती ग्रामपंचायतीकडून पशुवैद्यक विभागाला, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी जायला हवी. तीन खाती, तीन साहेब. माकड मेल्याचं सांगणाऱ्या बागायतदाराला दुसऱ्या दिवशी फवारणी करणारं पथक आणि अंगाला लावायचं डीएमपी तेल मिळालं तर तो पुढच्या वेळीही सांगेल. नुसता पंचनामा होऊन तासभर त्याचाच जबाब घेतला गेला तर पुढच्या वेळी माकड पालापाचोळ्याखाली जाईल.

आणि इथे आपल्या व्यवस्थेविषयी मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्याकडे साथ कळवणाऱ्याला बक्षीस क्वचित मिळतं, स्पष्टीकरण मात्र हमखास मागितलं जातं. गावात अतिसाराची साथ आली की पहिला फोन येतो तो 'पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर का टाकली नाही' असा. ग्रामपंचायतीच्या पाण्याला लाल कार्ड मिळालं की गावाची मान खाली जाते. लाल कार्डाचा हेतू चांगला आहे, पाण्याचा धोका दिसावा हा. पण वैद्यकीय अधिकाऱ्याला जर हे माहीत असेल की दहा रोगी कळवले तर चौकशी आणि तीन कळवले तर शांतता, तर तालुक्याचा आकडा तीनच राहील आणि वर सगळे तो आकडा खरा मानतील. करोनाच्या वर्षी घरांच्या दारांवर फलक लागले, शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. अशा फलकांची सक्ती नको, असं सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० मध्ये सांगावं लागलं. तोवर पुष्कळ लोक तपासणी टाळायला शिकले होते. १८९७ ची छाया इतकी लांब पडते.

उलट क्षयरोगात काय झालं ते पाहा. खासगी डॉक्टरांनी रोगी कळवणं २०१२ मध्ये सक्तीचं झालं, पण नुसत्या सक्तीने फारसं काही हललं नाही. नंतर कळवणाऱ्या डॉक्टरला मानधन, रोग्याला मोफत औषध आणि तपासणी, आणि एप्रिल २०१८ पासून रोग्याच्या खात्यात पोषणासाठी दरमहा ५०० रुपये, जे पुढे २०२४ मध्ये १००० झाले, असं काही ना काही परत येऊ लागलं आणि खासगी दवाखान्यांतून येणारी नोंद कितीतरी पटींनी वाढली. पैसे उशिरा येतात, कागद अडतात, हे सगळं खरं आहे आणि त्यावर भांडलंही पाहिजे. पण दिशा बरोबर आहे. कळवलेल्या माहितीचं काहीतरी होतं, हे माणसाला दिसलं पाहिजे.

म्हणून हे पुस्तक वाचणाऱ्याला माझं सांगणं असं. यातली आकडेमोडीची प्रकरणं कागद-पेन्सिल घेऊन वाचा. आघाताचं प्रमाण, शक्यतांचं गुणोत्तर, विश्वासाची मर्यादा ही हत्यारं हातात बसली पाहिजेत. त्यांच्यावाचून लिची आणि रिकामं पोट यांना वेगळं काढता आलं नसतं. प्रयोगशाळेचं प्रकरण ज्यांना कंटाळवाणं वाटेल त्यांनी ते दोनदा वाचावं: चुकीच्या तापमानात पोचलेल्या नमुन्याने कितीतरी साथींचं नाव कायमचं पुसलं आहे. संगणकावरच्या पोर्टलमुळे आज गावातली नोंद त्याच दिवशी दिल्लीत दिसते. हे मोठं काम झालं आहे. पूर्वी आठवड्याचे कागद गोळा होईपर्यंत साथ संपत असे. पण पोर्टलवर वर जाणारा बाण जितका जाड आहे तितका खाली येणारा नाही, आणि तो जाड करण्याचं काम तुमच्या पिढीचं आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना साथीच्या तपासाचा अहवाल दोनदा लिहावा लागतो. एकदा विभागासाठी, तक्ते आणि आलेखांसह. दुसऱ्यांदा गावासाठी, एका पानात, मराठीत, ग्रामसभेत उभं राहून वाचता येईल असा. दुसरा नेहमी जास्त अवघड जातो, कारण तिथे 'दूषित जलस्रोताशी संबंध आढळला' असं लिहून सुटका नसते. कोणत्या आळीतला कोणता जोड फुटला, तो कुणी, कोणत्या दिवशी दुरुस्त केला, हे सांगावं लागतं. खबर पहिल्यांदा आशाताईंनी दिली आणि त्यामुळे किती दिवस वाचले, तेही त्यात यावं लागतं. आणि काविळीच्या गावात एक प्रश्न हटकून येतो: पाइप दुरुस्त झाला, मग रोगी अजून का निघतायत? ज्याला रोगाचा काळ ठाऊक आहे त्यालाच त्याचं उत्तर देता येतं. नवे रोगी आणखी सात-आठ आठवडे दिसत राहतील, ते जुन्या पाण्याचे असतील, गावाने घाबरू नये. गरोदर बाईला ताप किंवा मळमळ झाली तर मात्र एक दिवसही थांबू नये. आणि आठ आठवडे कधी पुरे होतात ती तारीख अशी; त्या तारखेनंतर एक जरी नवा रोगी निघाला तर पाइप आणखी कुठेतरी फुटलेला असू शकतो, तेव्हा ताबडतोब कळवा, आम्ही पुन्हा येऊ. ती तारीख पानावर ठळक लिहायची आणि त्याखाली आपला फोन नंबर.